झुरिकचा भाव

होकार कळवायची मुदत संध्याकाळी पाचला संपत होती, आणि सकाळी दहाला असिमिनाच्या संगणकाने निकाल दिला: झुरिक पन्नास पूर्णांक एक टक्का, अथेन्स एकोणपन्नास पूर्णांक नऊ. क्वांटिटेटिव्ह फायनान्सच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला तिला दोन्हीकडे प्रवेश मिळाला होता. तेवीस निकष, दहा हजार वेळा फिरवलेलं गणित, आणि फरक एवढा. पाचपर्यंत एकीकडे हो म्हटलं नाही तर दोन्ही जागा जाणार होत्या.

"नाणं उडव," भोपळी मिरच्यांत भात भरता भरता तिची आई एव्हान्थिया म्हणाली.

"आई, हे शास्त्र आहे."

"मग अथेन्सला जा. आपल्या कावालाहून बस आहे. सकाळी ड्रायव्हरच्या हातात डबा दिला की संध्याकाळी तुझ्या पानात. झुरिकला कुठली बस जाते?"

बस हा निकष तेवीसांत नव्हता. असिमिनाने तो घातलाही नाही. आईचा एक निकष घेतला की मागून चाळीस येतात.

पण साडेदहाला तिला एक भन्नाट कल्पना सुचली. एकटीचं डोकं चुकेल. ज्यांचं काहीतरी पणाला लागलंय अशी शंभर डोकी चुकणार नाहीत. ती धावतच कोपऱ्यावरच्या लाझारोसकाकांच्या कॉफीखान्यात गेली आणि तिने भिंतीवरच्या फळ्यावरचा दुपारचा मेनू पुसला.

"मी कुठे जाणार यावर पैज. कॉफीत. जिंकणाऱ्यांनी सगळ्या कॉफ्या आपापल्या हिश्शाने वाटून घ्यायच्या. आणि काका, नावं गुप्त. नाव कळलं की लोक विचार करत नाहीत, तोंड बघतात."

"आणि मला काय?"

"सगळ्या कॉफ्या तुमच्याकडेच प्यायच्या, आगाऊ पैसे देऊन."

लाझारोसकाकांनी जन्मात पहिल्यांदा उच्च शिक्षणाचं महत्त्व मान्य केलं.

बारापर्यंत अथेन्सवर वीस कॉफ्या, झुरिकवर बारा. असिमिना घरी जेवायला गेली. परत आली तेव्हा दीड वाजला होता आणि फळ्यावर झुरिकपुढे बहात्तर होते.

"कुणाला तरी काहीतरी माहितीये," न्हावी पांतेलिस कुजबुजला आणि त्याने झुरिकवर दोन लावल्या. बघ्यांनी आणखी सहा.

"अहो पांतेलिसकाका, पण मलाच अजून माहीत नाही."

"तुला कसं माहीत असणार? तू बाजारात नवीन आहेस."

ऐंशी विरुद्ध वीस. तीन आठवडे जे गणिताला जमलं नव्हतं, ते अख्ख्या गल्लीने तीन तासांत सांगितलं होतं, आणि इतक्या ठामपणे. पावणेपाचला तिने सगळ्यांसमोर लॅपटॉप उघडला. कॉफीचं यंत्र बंद करण्यात आलं. तिने झुरिकला हो कळवलं. पांतेलिसने शेजारच्या दुकानात गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर सोडून येऊन टाळ्या वाजवल्या.

एवढ्यात मागच्या दाराने एव्हान्थिया आत आली. तिने ॲप्रनच्या खिशातून झुरिकवर लावलेल्या कॉफ्यांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून काउंटरवर ठेवला.

"साठ होत्या," लाझारोसकाका म्हणाले. "आता झाल्या पंचाहत्तर."

असिमिना गठ्ठ्याकडे बघत राहिली. गल्लीचं शहाणपण भाताच्या हातांनी मळलेलं होतं.

"आई, तू झुरिकवर लावल्यास? तुला तर मी अथेन्सला जायला हवं होतं."

"म्हणूनच ना. अथेन्सला गेलीस तर तू जवळ. झुरिकला गेलीस तर निदान कॉफ्या. दोन्हीकडून रिकाम्या हाताने नव्हतं बसायचं मला."

"आई, तुझ्या कॉफ्या बघून मी झुरिक घेतलं."

एव्हान्थियाने चिठ्ठ्या नीट एकावर एक रचल्या. मग म्हणाली, "बघ. नाणं परवडलं असतं."

"आणि हे जे तू केलंस ना, ते शिकायलाच मी तिकडे चाललेय."

"मग पहिल्या वर्षाची फी माफ करा म्हणावं."

"पण तुला डॉक्टरांनी कॉफी बंद केलीये."

"मी कुठे पिणार? तू येऊन पिणार. नाताळ, ईस्टर आणि पंधरा ऑगस्टचा मेरीमातेचा सण."

असिमिनाने सवयीने हिशेब केला. अभ्यासक्रमाच्या दोन वर्षांत सहा खेपा, खेपेला साडेबारा.

"अर्धी कॉफी मी देत नाही," लाझारोसकाका म्हणाले.

"मग उरलेल्या तीन प्यायला सातवी खेप कर," आई म्हणाली.