कुमुदमावशी सिनेमा सांगतात

लंडनमधल्या हॅरोतल्या आमच्या शेजारीण कुमुदमावशी टीव्हीकडे पाठ करून बसतात आणि सिनेमा सांगतात. रविवारी दुपारी त्यांच्या फ्रंट रूममध्ये चार-पाच आया जमतात, सहा महिन्यांच्या व्हिसावर लेकीसुनांकडे आलेल्या; माझी आईही त्यांतलीच. सिनेमा एकच, मावशींना तोंडपाठ. गाजलेल्या कादंबरीवरचा जुना, ब्लॅक अँड व्हाइट हॉलिवूडचा. आयांना इंग्रजी येत नाही. मावशी आधीच बजावतात, "मी सांगते ते ऐका. ती माणसं काय बोलतात तिकडे लक्ष देऊ नका."

मावशी रिटायर्ड वॉर्ड सिस्टर, त्यामुळे कुणी हूं की चूं करत नाही. नायक घोड्यावरून उतरला की "आले जावईबापू". पार्टीतला नाच म्हणजे साखरपुडा. लांबलचक चुंबन सुरू झालं की मावशी छताकडे बघतात. "आता लग्नाची बोलणी चाललीत."

"लई वेळ चाललीत," माझी आई म्हणाली.

"घराणं मोठं आहे हो."

आमच्या घरात पहिली पदवी माझी, तीही इंग्रजी घेऊन. ही कादंबरी मला अभ्यासाला होती. एकदा न राहवून म्हटलंच, "मावशी, नायिका घरातून पळून गेलीय."

"पळून कशाला? बदली झाली तिची."

"रात्री, घोड्यावरून?"

"तू चहा टाक."

शेवटी नायिकेची आई आजारी पडते. लेक मिळेल ती गाडी पकडून येते, दार ढकलते, आणि डॉक्टर म्हातारीच्या तोंडावर चादर ओढतो.

"थंडी आहे ना," मावशी म्हणाल्या. "झोपलीय ती. पांघरूण घातलं."

जन्मभर वॉर्डात ज्यांनी अशा चादरी स्वतःच्या हातांनी ओढल्या, त्यांनी हे सांगावं? मी तोंड उघडलं. आईनं माझा हात घट्ट दाबला.

मावशींची आई गेली तेव्हा त्या इथे ड्यूटीवर होत्या. नागपूरला पोचल्या तिसऱ्या दिवशी. हे आईनं मला घरी आल्यावर सांगितलं. तिला ते इथे आल्यापासून महिन्याभरात, मावशींबरोबर मटार सोलताना कळलं होतं. मला नऊ वर्षं शेजारी राहून नाही.

त्या दुपारी मात्र आईनं एवढंच विचारलं, "मग उठल्यावर काय म्हणाली ती लेकीला?"

सिनेमा संपला होता. मावशींनी टीव्ही बंद केला, खुर्ची पुढे ओढली.

"म्हणाली, आलीस बाई? किती वाळलीस. आधी दोन घास खा, मग बोलू."

साडेसहापर्यंत ती आई बोलत होती.