एकट्याचे खाने

आकडेमास्तरांना कचेरीत आकड्यांपलीकडे कोणी विचारत नसे, म्हणून साहेबांनी बोलावलं तेव्हा त्यांची छाती इंचभर फुगली. जेवणाच्या हॉलमध्ये रोज चेंगराचेंगरी व्हायची. आपण कुठे जेवतो ते नऊशे जणांनी इमारतीच्या नकाशावर एकेक ठिपका देऊन सांगितलं होतं, आणि सगळ्याचा मिळून शाई सांडल्यासारखा डाग झाला होता.

"यातून मी काय समजायचं, मास्तर?"

"उद्या बघा साहेब. शेंबड्या पोरालाही कळेल."

मास्तरांनी नकाशावर मधाच्या पोळ्यासारखे षटकोनी खाने आखले. खान्यात जितके जास्त ठिपके, तितका रंग गडद. चित्र झकास उतरलं. फक्त कडेकडेला फिकट खाने विखुरले होते, एकेका ठिपक्याचे. ते मास्तरांच्या डोळ्यांत खुपले. दोनपेक्षा कमी ठिपके असले तर खाना कोरा, असा नियम त्यांनी ठोकून दिला.

साहेब बेहद्द खूश. "म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची खिडकी रिकामीच असते तर! कपाटं हलवा तिकडे."

त्या खिडकीशी अकरा वर्षं मास्तरच तर जेवत होते. पण तसं म्हणावं तर चार्ट खोटा पडतो. "हो साहेब" म्हणाले, झालं.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले, तर खिडकीशी चार कपाटं उभी आणि शिपाईमामा घाम पुसताहेत.

"मामा, इथे मी जेवतो हो."

"चार्टात तर कोणी नव्हतं," मामा म्हणाले. "आणि चार्ट तुमचाच म्हणे."

हॉलच्या दारात मास्तर डबा धरून बराच वेळ उभे राहिले. कोणी सरकलं नाही. मग आपल्या टेबलाशी येऊन त्यांनी तो नियम काढून टाकला. कडेकडेचे एकोणीस फिकट खाने परत आले. एकोणीस माणसं एकेकटी जेवत होती आणि मास्तरांनी ती एका फटक्यात पुसली होती, स्वतःसकट. त्यांना फार वाईट वाटलं.

सगळ्यात जवळचा खाना जिन्याखाली होता. तिथे टेलिफोनवाल्या बाई जेवत होत्या.

"बसू का?"

बाईंनी पिशवी उचलली. "बसा की. ही जागाही उद्या जाणार म्हणतात. त्या चार्टात मी दिसलेच नाही. कोणत्या दिवट्याने काढलाय हो तो?"

"असेल कोणीतरी," मास्तर डब्याचं झाकण काढत म्हणाले. "पण आता नाही जायची जागा. दोघं असली की खाना रंगतो."

"तुम्हाला कसं माहीत?"

मास्तर खाली मान घालून जेवू लागले.