भावी जावयाचा मुळा

जावई निवडणे ही सार्वजनिक हिताची बाब असून ती प्रत्यक्ष लग्न करणाऱ्या मुलीवर सोपवणे धोक्याचे असते, याबद्दल जगातल्या सर्व वडिलांचे एकमत आहे. मतभेद आहेत ते फक्त पद्धतीबद्दल. म्यूनिकच्या कोर्बिनियान आशेनब्रेनर यांची पद्धत अत्यंत शास्त्रशुद्ध होती. उमेदवाराला एका रविवारी सहकुटुंब सहलीला न्यायचे, सकाळी राजवाडा दाखवायचा, मग चेस्टनटच्या झाडांखालच्या बिअरच्या बागेत बसवायचे आणि ऊन उतरायच्या आत निकाल लावायचा. कोर्बिनियान यांनी एकतीस वर्षे वाहन परवान्याच्या परीक्षा घेतल्या होत्या. (उत्तीर्णांचे प्रमाण बावन्न टक्के. उत्तीर्णांपैकी पुढे किती जण झाडावर आदळले हे त्यांनी कधी पाहिले नाही. ते दुसऱ्या खात्याचे काम.) निवृत्तीनंतर त्यांचे हात शिवशिवत होते, आणि घरात मुलगी एकच होती.

निकाल जाहीर करण्याची रीतही ठरलेली होती. पास झालेल्याकडे बघून कोर्बिनियान बिअरचा मग उचलणार आणि म्हणणार, "आता मला कोर्बी म्हण." वयाने मोठ्या माणसाने असे म्हटल्याखेरीज धाकट्याने अहोजाहो आणि आडनावाआधीचे 'हेर', म्हणजे श्रीयुत, सोडायचे नसते. काही शेजारी चाळीस वर्षे एकमेकांचे बर्फ काढायचे फावडे वापरतात आणि शेवटपर्यंत एकमेकांना 'आपण' म्हणत राहतात, याचा सगळ्यांना अभिमान आहे.

आतापर्यंत तीन उमेदवार बसले होते. पहिला दातांचा डॉक्टर. त्याने भरदुपारी लिटरचा सोडून अर्ध्या लिटरचा मग मागितला, म्हणजे मुळात जीवनाबद्दलच त्याला उत्साह नव्हता. दुसऱ्याने जागा मिळावी म्हणून आदल्या दिवशी बागेला फोन केला होता; तिथे जागा राखून ठेवायची नसते, शोधून मिळवायची असते. तिसरा घरून खाण्याबरोबर बिअरही घेऊन आला. बागेत खाणे घरचे चालते, बिअर मात्र बागेचीच प्यायची, हे तिथल्या कुत्र्यांनाही माहीत असते. त्या तिसऱ्याचे नाव घरात आजही घेत नाहीत.

एवढ्यात मुलगी, व्रोनी, छत्तीस वर्षांची झाली.

चौथा उमेदवार हिनर्क उत्तरेच्या समुद्राकडचा होता. समुद्राचे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधलेल्या बांधांवर तो इंजिनिअर होता आणि दिवसाला सरासरी चाळीस शब्द बोलत असे. सहलीच्या सकाळी व्रोनीने वडिलांना शांतपणे सांगून टाकले होते, की याला नापास केलेस तर मी याच्याबरोबर तिकडे बांधावर राहायला जाईन. तो बांध घरापासून नऊशे किलोमीटरवर होता. कोर्बिनियान यांनी ब्रेडला लोणी लावता लावता परीक्षकावर दबाव आणण्याचा हा प्रकार गंभीर असल्याचे म्हटले. लोणी मात्र टेबलक्लॉथवर गेले.

राजवाड्याला या परीक्षेत गुण नाहीत. तरीही तो वगळता येत नाही. सकाळी अकराला लिटरभर बिअर पिणारा माणूस दारुडा ठरतो. त्याआधी एखादा राजवाडा बघितला असेल तर तोच माणूस कुटुंबवत्सल ठरतो. राजवाड्यात सत्तेचाळीस खोल्या होत्या. कोर्बिनियान यांच्या निरीक्षणानुसार लोक पहिल्या तीन खोल्यांत छत बघतात, चौथीपासून घड्याळ बघतात, आणि राजाच्या शयनगृहात पोचल्यावर "पलंग केवढासा आहे, तेव्हाची माणसं बुटकी असणार" एवढे म्हणून बाहेरचा रस्ता धरतात. हे वाक्य त्यांनी स्वतः एकोणीस सहलींत म्हटले होते. विसाव्यांदा म्हटले तेव्हा हिनर्कने माहिती सांगणाऱ्या बाईंना विचारले, की हे खरे आहे का.

त्या बाईंना अकरा वर्षांत कोणी काही विचारले नव्हते. त्यांचे डोळे पाणावले. उत्तर तेवीस मिनिटे चालले. (राजे उशांना टेकून, बसल्या बसल्या झोपत, उंचीचा संबंध नव्हता.) कोर्बिनियान खिडकीतून उन्हाकडे बघत होते. रविवारी बागेतल्या सावलीतले टेबल साडेअकरानंतर मिळत नाही, आणि हा माणूस उशांबद्दल टिपून घेत होता.

सावली अर्थातच गेली होती. उन्हातल्या एका लांब टेबलाचे अर्धे बाक मिळाले. उरलेल्या अर्ध्यावर चार अनोळखी म्हातारे बसले होते. हिनर्कने त्यांना विचारून मगच बूड टेकले, याचा अर्धा गुण कोर्बिनियान यांनी नाइलाजाने दिला. त्यांची बायको वाल्बुर्गा हिने टोपलीतून निळ्या चौकड्यांचे कापड काढून अंथरले. वर मीठ लावलेले ब्रेझेलचे वेटोळे पाव, कांदा घालून फेटलेले चीज, खिम्याचे गार वडे आले. सगळ्यात शेवटी दोन पांढरे, मनगटाएवढे मुळे आणि सुरी.

इथे खरी परीक्षा सुरू होते. मुळ्याला एका बाजूने तिरपे काप द्यायचे, पण आरपार जाऊ द्यायचे नाहीत. मग उलटा करून दुसऱ्या बाजूने काप द्यायचे. साधले तर मुळा पेटीच्या भात्यासारखा उलगडतो. त्यात मीठ भरायचे आणि त्याला पाणी सुटेपर्यंत थांबायचे. तिकडे याला मुळा रडणे म्हणतात. ज्याचा मुळा रडला नाही त्याच्या संसाराचे काय होणार, हे उघड आहे.

कोर्बिनियान यांनी सुरी हिनर्कपुढे सरकवली. व्रोनीने डोळे मिटून घेतले.

हिनर्कने मुळा एकदा फिरवून पाहिला आणि त्याचे सरळ पाच तुकडे केले. त्याच्या गावी माशाच्या रश्शात गाजर असेच टाकतात. चार म्हाताऱ्यांनी आपापले मग खाली ठेवले. त्यांतल्या एकाने टोपी काढली. कोर्बिनियान यांना, का कोण जाणे, फार बरे वाटले. परवान्याच्या परीक्षेत एखाद्याने लाल दिवा ओलांडला की वाटायचे तसेच. त्यांनी घसा खाकरला.

तेवढ्यात हिनर्क म्हणाला, "हेर आशेनब्रेनर, दुसरा मुळा तुम्ही कापून दाखवा. मी बघून शिकतो."

मागणी वाजवी होती. कोर्बिनियान यांनी सुरी उचलली आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की लग्नापर्यंत मुळा आईने कापला होता आणि लग्नानंतर वाल्बुर्गाने. आयुष्यात त्यांनी अंदाजे दोन हजार मुळे तपासले होते, खाल्ले होते, नापास केले होते. कापला एकही नव्हता.

पहिला काप बरा गेला. तिसरा आरपार गेला. अर्धा मुळा घरंगळत जाऊन टोपीवाल्या म्हाताऱ्याच्या मगावर आपटला.

"तू फक्त मीठ लावतोस, कोर्बी," वाल्बुर्गा म्हणाली. "तेही जास्त."

"मी परीक्षक आहे," कोर्बिनियान म्हणाले. "परीक्षकाचं काम वेगळं असतं."

चारही म्हातारे खो खो हसत सुटले. व्रोनी हसली नाही.

"तिघांना घरी पाठवलंस, पपा," ती म्हणाली. "दुसरा मला आवडला होता. फोन त्याने माझ्यासाठीच केला होता. मला उन्हाचा त्रास होतो ना."

यावर नियमावलीत काहीच नव्हते. कोर्बिनियान यांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्यांनी मुलीकडे नीट बघितले. तिचे नाक उन्हाने लाल झाले होते, आणि हिनर्क मघापासून आपली बसायची जागा अशी बदलत होता की त्याची सावली तिच्यावर पडावी. हे ते तासभर बघत होते. चुळबुळीबद्दल त्यांनी त्याचा पाव गुण कापलाही होता.

त्यांनी हिनर्कने कापलेला एक तुकडा मिठात बुडवून खाल्ला. चव मुळ्याचीच होती. मग ते उठून उभे राहिले आणि दोन्ही हातांनी मग उचलून म्हणाले, "हिनर्क, आता मला कोर्बी म्हण."

हिनर्कही उठून उभा राहिला.

"आभारी आहे, हेर आशेनब्रेनर," तो म्हणाला. "पण आमच्याकडे इतक्या लवकर नाही म्हणत. तुम्ही आधी आमच्या घरी या. माझी आई तुम्हाला कोळंबी सोलायला देईल. बोटाच्या पेराएवढी असते. साधारण पाचशे."

त्या दिवसाचे त्याचे चाळीस शब्द केव्हाच संपले होते, म्हणून कोणी काही विचारले नाही. लग्न मात्र पाडव्याची वाट न बघता सप्टेंबरात ठरले (तिकडे पाडवा नसतो). कोर्बिनियान हल्ली रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून कोळंबी सोलतात. वाल्बुर्गा घड्याळ लावून समोर बसते. अजून पंचवीस टक्के कोळंब्या तुटून अर्ध्या सालातच राहतात, आणि रात्री त्यांना झोप लागत नाही.

त्यांच्या निवृत्तीमुळे परीक्षकाची जागा रिकामी झाली आहे. अनुभवाची अट नाही. वर तीन उमेदवारांची हकीगत वाचताना आपण हसून तिघांनाही नापास केलेत, हिनर्कने मुळा तोडला तेव्हा मान हलवलीत, आणि फोन करणाऱ्या दुसऱ्या माणसाचे नाव काय होते हे विचारावेसेही आपल्याला वाटले नाही. अर्ज करायची गरज नाही. आपली निवड झाली आहे.