सहाव्या दिवसाचं पाणी

पुंडलिक सरांनी द्वारकाबाईंना छातीठोक सांगितलं, "आठवड्याच्या आत या गल्लीचं डोकं ठिकाणावर आणतो. नाही आणलं, तर तीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलं ते वाया गेलं म्हण."

"बरं," द्वारकाबाई म्हणाल्या. लग्न झाल्यापासून त्या सरांना 'बरं' एवढंच म्हणत आल्या होत्या.

शहागंजामागच्या त्या गल्लीत नळाला आठ दिवसांनी पाणी येई. त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं, सवय झालेली. पण यंदाच्या उन्हाळ्यात तीनदा ते सहाव्याच दिवशी आलं. पहिल्यांदा आलं तेव्हा सखाराम टेलर गेले होते. दुसऱ्यांदा सत्यभामाबाई. तिसऱ्यांदा सुलेखाचे सासरे, तेही नळातून सूं सूं हवा सुटली त्याच घटकेला. झालं! गल्लीत कुणी गेलं की पाणी येतं, हे ठरूनच गेलं.

आणि नेमका तेव्हाच सरांच्या छातीत कफ धरला.

सर खोकले की समोरच्या ओट्यावर ड्रम सरकवल्याचा आवाज यायचा. आवडाबाई रोज दारात येऊन विचारायची, "सर, आज कसं वाटतंय?" बरं वाटतंय म्हटलं की तिचा चेहरा उतरायचा. बाई वाईट नव्हती हो, काढासुद्धा तिनंच आणून दिला होता. पण घरात सात माणसं अन् ड्रम दोन. सर मनातून पार घाबरले. आपण कधी जातो याची गल्ली वाट बघतेय, हे त्यांना सोसेना.

खोकला जरा उतरल्यावर त्यांनी सगळ्यांना ओट्यावर बसवलं. "एकापाठोपाठ दुसरं घडलं म्हणजे पहिल्यामुळं घडलं असं नसतं. गोकुळ, तू दुकानाचं शटर उघडतोस तेव्हाच शाळेची घंटा होते. म्हणून शाळा काय तू भरवतोस?"

गोकुळनं विचार केला. "पण सर, रविवारी माझं दुकान बंद असतंय, अन् शाळाबी भरत नाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सरांनी कपाळाला हात लावला.

"बरं, कुणीही न मरता सहाव्या दिवशी पाणी आलं, तर मानाल?"

"मानू की."

आणि आलं! सहाव्या दिवशी, भर दुपारी तीनला नळ गुरगुरला. सर बनियनवरच बाहेर धावले. "आलं पाणी. आता दाखवा, कोण गेलं?"

कुणी नळाला पाइप लावेना. गोकुळ दारोदार हाका मारत गेला. प्रत्येक दारातून आवाज आला, "हाय, हाय." तो परत आला तेव्हा गल्लीत फक्त पाण्याचा आवाज होता.

"सगळी हायेत," तो म्हणाला.

"मग हरलात ना?" सर हसले.

"सगळी हायेत," आवडाबाई हळूच म्हणाली, "मग ऱ्हायलं कोण?"

एकेक करून सगळे सरांकडं बघू लागले.

"अरे, मी बोलतोय ना तुमच्याशी."

"बोलताय खरं," गोकुळ म्हणाला. "पण सखाराम टेलरबी गेल्यावर दोन दिवस सुलेखाच्या सासऱ्याशी बोलत व्हते. म्हातारा सोता सांगायचा."

"काहीतरीच. त्यांना विचारा बरं."

"आता कसं इचारायचं?"

सुलेखानं डोक्यावर पदर घेऊन हात जोडले. दोघं-तिघं मागं सरकली. सरांनी स्वतःचं मनगट चाचपलं. बोटं गार पडली होती, नाडी काही हाताला लागेना. एवढ्या उन्हात अंगाला घाम नव्हता. पर्याय एकेक करून खोडले की उरतो तो खरा, हे त्यांनीच पोरांना शिकवलं होतं, आणि अशा उत्तराला ते पैकीच्या पैकी गुण द्यायचे. कितीही ताणलं तरी त्यांना त्यात खोट सापडेना.

ते तडक घरात आले. द्वारकाबाई मोरीत वाकून भांडी भरत होत्या.

"अगं, मी आहे ना?"

त्यांनी वर पाहिलं नाही.

"द्वारका, मी आहे ना?"

हंडा काठोकाठ भरल्यावर त्या म्हणाल्या, "असाल तर तो रिकामा ड्रम इकडं सरकवा. नसाल तर वाटेत उभं राहू नका."

सरांनी ड्रमाला दोन्ही हात लावले. पण ढकलून बघायची काही त्यांची छाती होईना.