‘मेले’ म्हणायचं नाही

राव सरांच्या बांधकामावर एका शब्दाला बंदी होती, आणि शब्दही नेमका असा, की ज्याच्यावाचून बांधकाम पुढे सरकत नाही. तमिळमध्ये ‘वर’ला ‘मेले’ म्हणतात. घमेलं वर द्या, दोर वर ओढा, वर बघा; दिवसभर आपलं मेले, मेले, मेले.

“हा शब्द इथें नको पा,” राव सर गवंड्यांना तमिळमध्ये दटावत आणि मग माझ्याकडे वळून मराठीत पुरवणी जोडत, “आपल्या भाषेंत अशुभ आहे. उसर म्हणा, उसर!” उसर म्हणजे उंच.

मी मिरजेचा. तमिळ मुलखात येऊन गिंडीतल्या एका छोट्या कंत्राटदाराकडे साइट इंजिनिअर म्हणून नुकताच चिकटलो होतो. दोन हजार साल उलटून थोडी वर्षं झाली होती. तिरुवल्लिकेणीतल्या एका जुन्या शाळेला दोन नवे वर्ग जोडायचे होते आणि शाळा उघडायच्या आत स्लॅब पडायला हवा होता. राव सर त्याच शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. देखरेखीला संस्थेने त्यांना बसवलं होतं. माणूस तंजावरी मराठी. त्यांच्याशी बोलताना मला पणजोबांशी बोलतोय असं वाटायचं, फक्त हे पणजोबा मधूनच तमिळमध्ये शिरत आणि ‘बाबा’ऐवजी ‘पा’ म्हणत.

बंदी मोडणाऱ्याला शिक्षाही शाळेतलीच, कान धरून उठाबशा. मुरुगन मेस्त्री म्हणजे पिकल्या मिशांचा, दोन नातवंडांचा आजोबा. त्यालाही सरांनी वाळूच्या ढिगापाशी उठाबशा काढायला लावल्या. घमेली वाहणाऱ्या बाया पदरात तोंड खुपसून हसत होत्या. “पाठ ताठ!” सर ओरडले. मेस्त्रीने पाठ ताठ केली. एकेकाळी तो त्यांच्याच वर्गात होता.

मला मात्र हसू येत नव्हतं. स्लॅबच्या दिवशी खालच्याने हाक मारली आणि वरच्यांना ती कळलीच नाही, तर? मी सरांना तसं म्हणूनही पाहिलं. “शब्द बदलला म्हणून गणित बदलतें काय रे?” म्हणाले आणि छत्री उघडून बाकावर बसले.

स्लॅबचा दिवस उजाडला. खाली मिक्सरची घरघर, परांचीवर बायांची रांग, घमेलं या हातातून त्या हातात. वर मी, मेस्त्री आणि सात-आठ माणसं. आमच्या पायाखाली फळ्या आणि फळ्यांखाली सुरूच्या लाकडाचे टेकू. टेकूंवर नजर ठेवायला आरुमुगम सुतार खाली उभा होता.

निम्मा स्लॅब झाला असेल. कोपऱ्यातली भरावाची माती रात्री टाकी वाहून भिजली होती, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. तिथला एक टेकू हळूच रुतायला लागला. आरुमुगमने ते पाहिलं. ‘वरच्यांनो, थांबा’ म्हणायचं होतं, पण घाबरून ‘वर’ एवढंच तोंडातून निघालं, तेही बंदीला धरून. तो जिवाच्या आकांताने ओरडला, “उसर! उसर!”

आणि बायांनी हात आणखी चालवले. इतके दिवस उसर म्हणजे घमेलं उचला, एवढंच त्यांना माहीत! आरुमुगम जितका ओरडे, तितका माल भराभर वर येई. माझ्या पायाखालची फळी कुरकुरली. मला वाटलं, मिक्सरचाच आवाज.

तेवढ्यात खालून एक म्हातारा आवाज फाटला.

“मेले! मेले! निरुत्तु!”

निरुत्तु म्हणजे थांबवा, हे मला नंतर कळलं. आधी कानात शिरलं ते नुसतं मराठी मेले. कोण मेले? किती मेले? हातातलं फावडं गळून पडलं. आख्खी साइट दगडासारखी थांबली होती, कारण तो शब्द राव सरांच्या तोंडून आला होता.

माणसं एकेक करून उतरली. रुतलेल्या टेकूच्या दोन्ही बाजूंना फळ्या घालून नवे टेकू ठोकले. माल घट्ट व्हायच्या आत पुन्हा काम धरायचं होतं. पुन्हा वर चढण्याआधी मी एकेक टेकू हाताने हलवून पाहिला. ऊन कललं तेव्हा शेवटचं घमेलं पडलं. सगळे धडधाकट.

खाली आलो तर सर स्वतःचे कान धरून उठाबशा काढायला निघालेले. “वेण्डाम् सार, वेण्डाम्,” नको, नको म्हणत मेस्त्रीने त्यांना धरलं आणि बाकावर आणून बसवलं. त्यांचे हात पुन्हा कानांकडे जात होते. मी संतापलो होतो. “सर, एका शब्दापायी आज माणसं गेली असती!”

“होय,” ते म्हणाले. “चूक माझी.”

मग म्हणाले, “बायको माझी सातारकडची. लग्न होऊन आली तेव्हां घरावर खोली बांधत होतों. माणसं मेले म्हणून ओरडलीं, की ही चूल सोडून अनवाणी धांवत यायची. कोण गेलं, म्हणून. पुढें तमिळ फर्डें बोलायची, तरी तो शब्द आला की हातांतलं भांडें पडे. मग मीच माणसांस म्हटलें, उसर म्हणा. ती जाऊन दोन वर्षें झालीं पा. बंदी तेवढी राहिली.”

माझा राग कुठल्या कुठे गेला. लाजही वाटली.

“घरीं मुलगा-सून तमिळ बोलतात, नातवंडें इंग्रजी,” सर म्हणाले. “तुझें बोलणें तिच्यासारखें आहे. कांहीं तरी बोल.”

असं कुणी बोल म्हटलं की काही सुचत नाही. शेवटी मी उद्यापासून स्लॅबवर पाणी कसं मारायचं, ते सांगायला लागलो. गोणपाट अंथरायचं, ते वाळू द्यायचं नाही, कडेने मातीचे बांध घालायचे, पोरांना वर फिरकू द्यायचं नाही. हे सगळं त्यांना पाठ होतं. डोळे मिटून ते ऐकत होते. माझं सांगून संपलं तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत, म्हणून मी गोणपाटापासून पुन्हा सुरुवात केली.