तेलपंपाच्या तोतयाचे पारिपत्य

तोतया धरला, पंप चालला, सफाक्स शहरी बहुत आनंद जाहला. हे वाचले असेल तर विसरावे. ऐसे अद्याप काही घडलेच नाही, लेखणी घाईने पुढे गेली.

तरी समुद्रकाठी सफाक्स येथे, दंतवैद्याचे वरले मजल्यावर, यंत्रांस हुकूम पोचविणारी प्रणाली तयार होत असे, आणि तीस एक दफ्तर होते. पंप, तराजू, तापमापक, ज्यास चाकरी करणे त्याने आपले नाव-कूळ प्रथम दफ्तरी रुजू करावे, मग ‘पंप’ ऐसी हाक येताच दफ्तराने नेमका पंप हजर करावा, ऐसा कायदा. या दफ्तराच्या चाचणीची जोखीम राजश्री नाजलाबाई बेन आयेद यांजकडे होती. आणि वेळ कठीण. कां की हाज ब्राहिम यांचे तेलगिरणीत नव्वद पोती जैतुने येऊन पडली, नवा पंप प्रणालीच्या नव्या आवृत्तीवाचून हलेना, आणि पोत्यांत जैतुने तापली म्हणजे तेल आंबते, हे तेथे तान्हे पोरही जाणे.

बाईंनी सत्तावन्न चाचण्या एकेक करून लढविल्या, सर्व फत्ते. मग समस्त फौज एकवट कूच करविली, तों एकेचाळिसावी कोसळली. एकटी उभी, फौजेत आडवी. मग वडील कारभारी सी हेदी यांस मसलतीस आणिले. त्यांनी बदाम घातलेला चहा प्राशून फर्माविले की यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे. तैसे केले. काही जाहले नाही. इतक्यात हाजचा फोन आला.

“लेकी, पोत्यात हात घातला तर हमामात शिरल्यासारखं वाटतंय. झालं का तुझं?”

“झालंच, हाज. एकच चाचणी अडलीये.”

“एकच ना? काढून टाक. धाकट्या जावयाला मी तसंच केलं.”

सी हेदी यांसही सल्ला पसंत पडला. “वगळ गं. सत्तावन्नात एक म्हणजे काय?”

“हीच पंपाची आहे, सी हेदी.”

“मग नको वगळूस,” म्हणोन ते पेल्यातले बदाम वेचू लागले.

बाईंनी कमर कसून दफ्तर उघडिले, आणि हाकेस कोण येतो ते समक्ष पाहिले. कुर्निसात करोन उभा राहिला तो पंप नव्हे, तोतया! बाराव्या चाचणीने सरावास खोटा पंप उभा केला होता. काही सांगावे तर ‘जी, तेल ओढले’ म्हणे आणि थेंब न ओढी. काम सरल्यावर त्यास निरोप कोणी दिला नाही, सबब तो खऱ्याचे जागी ठाण मांडोन बसला.

“बारावी कुणी लिहिली, सी हेदी?”

“असेल कुणीतरी.”

“खाली तुमचं नाव आहे.”

“रमजान होता गं. त्याला निरोप द्यायची शेवटची ओळ राहिली होती, तेवढ्यात सूर्य बुडाला, इफ्तारची तोफ झाली. रोजा सोडायला उठलो.”

मग बाईंनी कायदा बांधिला की, चाचणीपूर्वी दफ्तराची नक्कल घ्यावी, आणि चाचणी सरताच दफ्तर नकलेबरहुकूम जैसे थे करावे. दोन ओळींत तोतया बरतर्फ. पुन्हा कूच, सत्तावन्नही उभ्या. आवृत्ती गिरणीस रवाना जाहली, पंप हलला, आणि हाजने फोन धारेपाशी धरोन बाईंस तेलाचा आवाज ऐकविला. मंगळवार, दोन प्रहरी, फत्ते दफ्तरी दाखल.

सबब नगरपालिकेस अर्ज की, यापुढे तोफेस बत्ती देण्यापूर्वी शहरातील प्रत्येक प्रोग्रामरची शेवटची ओळ लिहून जाहली किंवा कसे, याची घरोघर लेखी खातरजमा करावी, आणि तोवर सूर्यास थांबविण्याची तजवीज व्हावी. मंजुरी सत्वर यावी.