नुरोंगीच्या शेपटीचे केस

"माझ्या वासराला बोटीवर चढवणार? आधी मला चढवा!" म्हातारा पानसुल ओरडला आणि त्या भरात पायरीवरून घसरून कंबर धरून बसला.

कोरियाच्या उल्लंग बेटावर पट्टेरी चिकसो गाईंचा वाण जपतात. पानसुलची गाय वाघासारखी पट्टेरी, पण तिला कालवड झाली ती नखशिखांत पिवळी. आईला दूध पुरेना, म्हणून पानसुलने तिला बाटलीने पाजून जगवलेलं. आणि आता गुरांच्या कचेरीतले मुनसाहेब म्हणत होते, वाणात भेसळ नको, पिवळी पुढच्या बोटीने बेटाबाहेर जाईल.

शेजारच्या बोंगपिलने कुंपणावरून तोंड घातलंच. "दादा, तुमची गाय कुठल्या पिवळ्या वळूकडे जाऊन आली वाटतं!"

"माझी गाय सज्जन आहे!"

"मग तपासून घेऊ," मुनसाहेब म्हणाले. "कालवडीच्या शेपटीचे केस मुळासकट उपटून द्या. चिकसो निघाली तर राहील."

पानसुलला तर उठवेना. त्याने पडल्या पडल्या बायकोला हाक मारली. "गिलरे! नुरोंगीच्या शेपटीचे केस उपट गं! मुळासकट!"

बाहेर बराच वेळ झटापट ऐकू आली. "अहो, चावायला आली मेली!"

"लहान आहे, समजून घे!"

केस त्याच दिवशी बोटीने गेले. पुढच्या आठवड्यात मुनसाहेबांचा फोन आला. हसू दाबताना त्यांना धड बोलता येईना. "आजोबा, तुमची कालवड चिकसो नाही. साधी पिवळी गाय नाही, जेजू बेटावरची काळीही नाही."

"मग आहे तरी काय?"

"कुत्री."

पानसुलने कपाळावर हात मारला. जनावर पिवळं दिसलं की त्याला नुरोंगी म्हणायचं, ही त्या मुलखाची जुनी खोड. गोठ्यातली कालवड नुरोंगी, आणि उंबऱ्यावर झोपणारी कुत्रीही नुरोंगीच.

"दोघींना एकच नाव ठेवताना अक्कल कुठं चरायला गेली होती?" गिलरे कडाडली.

पुन्हा केस उपटले, तर समुद्र खवळला आणि बोटी बंद पडल्या. केसही जाईनात आणि कालवडही. पानसुल रोज तिच्या गळ्यात हात टाकून बसे. बायकोशी मात्र अबोला.

अखेर समुद्र निवला आणि आता तपासणीची वाट बघणार नाही म्हणत मुनसाहेब स्वतःच कालवड न्यायला आले. गोठ्यात शिरले आणि थबकले. कालवडीच्या कुशीवर काळसर रेघा होत्या.

"शेण लागलंय," बोंगपिल म्हणाला.

साहेबांनी बाहीने पुसलं, मग थुंकी लावून घासलं. रेघा जाईनात.

"आजोबा, ही चिकसोच! काहींचे पट्टे उशिरा उठतात." मग साहेब ओशाळून डोकं खाजवू लागले. "तेव्हा खरे केस गेले नाहीत ते बरंच झालं. पिवळी आणि पट्टेरी रक्ताने इतकी जवळची, की तपासणारे म्हणाले असते, ठरत नाही, रंग बघा. आणि रंग बघून मी हिला केव्हाच चढवली असती."

पानसुलचे डोळे भरून आले. तो लंगडत स्वयंपाकघरात गेला. "गिलरे, फार उपकार झाले गं तुझे. तू होतीस म्हणून माझं लेकरू राहिलं."

गिलरेने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तर नाही. मनापासून म्हणताय, तर भांडी घासा."

तो मुकाट्याने भांडी घेऊन नळावर बसला. बोंगपिल कुंपणावर लवून बघतच राहिला. "वहिनी, हा कुठल्या जातीचा नवरा म्हणायचा?"

गिलरे डोळे पुसत हसली. "चांगल्याच जातीचा, भावजी. याचे पट्टे जरा उशिरा उठले."